विजेच्या बिलामागे

कोऱ्या कागदावर माझा हात अडखळतो,
म्हणून प्रश्न लिहिले विजेच्या बिलामागे.
बिल भरलेलं आहे.

मागच्या खेपेला, म्हापशात,
टायवाल्या माणसाने शेवटी विचारलं होतं,
"तुम्हाला काही विचारायचंय?"
"नाही सर," म्हटलं मी,
पर्सचा पट्टा उगाच नीट केला.
त्या दोन शब्दांचे हप्ते
चार वर्षं फेडले रात्रपाळीत:
सव्वीस खाटा, आम्ही दोघी,
त्यातली एक बहुतेक वेळ लिफ्टमध्ये, स्ट्रेचर धरून.
खुर्ची एकच. तिचा चौथा पाय म्हणजे
सुतळीने बांधलेली जुनी रजिस्टरं.

तर, पहिला.
रात्री एका नर्सकडे किती पेशंट?
उत्तर आकड्यात हवं.
"आम्ही सगळे एक कुटुंब आहोत" हा आकडा नव्हे.

दुसरा. पाळी सुटते नऊला, मी राहते चोडणला.
रायबंदरच्या धक्क्यापर्यंत कोण सोडणार?

तिसरा पगाराचा. खोडला.
पुन्हा लिहिला, तर अक्षर बारीक आलं.

हाताला खोबरेल चोळून
सासूबाई फणस सोडवत बसल्यात.
"असं विचारतात होय कोणी? नोकरी ते देणार की तू?"
मग गरा तसाच हातात धरून म्हणाल्या,
"पण तुला बघायला आलो तेव्हा
तूच नव्हतं का विचारलंस मला,
तुमच्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं?"

मला आठवत नव्हतं.
म्हणजे मी विचारायचे, कधीतरी.

चौथा लिहायला वेळ लागला.
या जागेवर माझ्याआधी कोण होतं,
आणि ती का गेली?

म्हापशात माझ्या जागी आलेल्या मुलीने
विचारलं असेल का हे?
फाइल चाळून सांगितलं असेल त्यांनी,
सुलक्षा गावस. घरगुती कारण.
खाट अकरावरच्या सेबास्त्यांवबाबांचं नाव
त्या फाइलीत नसणार.
मी खाट तीनवर शीर शोधत होते.
पोचले तेव्हा त्यांचा अंगठा
बेलच्या बटणावरच होता
आणि बेल
महिन्याभरापासून बंद होती.

पाचवा: बेल चालते का?

सकाळी फेरीबोटीत, स्कूटरच्या सीटवर
बिल उघडून पुन्हा वाचलं.
शेजारच्या मोटारसायकलवाल्याने डोकावून विचारलं,
"लाइट खूप आली?"

तिसरा मजला. टेबलापलीकडे दोघं.
टायवाला इथेही होता, टाय मात्र निळा.
मी बिल उलगडलं. हात थरथरला, थरथरू दिला.
आकड्याच्या जागी तो "साधारणपणे" म्हणाला,
गाडीच्या जागी "बघू",
चौथ्याला पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं.
मेट्रन, सिस्टर इडालिना, खिडकीबाहेर बघत होत्या.

लिफ्टपाशी मागून त्यांची चप्पल वाजली.
"नऊ," त्या म्हणाल्या. "शनिवारी अकरा.
दोन बेल बंद आहेत, मी तीनदा लिहून दिलंय.
स्टूल आहे एक. माझ्या कपाटामागे ठेवते, नाहीतर नेतात."
लिफ्ट आली.
"आणि ती गेली कारण..."
दार मिटायला लागलं. त्यांनी पाय मध्ये घातला.
"कारण तिने हे कधी विचारलं नव्हतं."

परतताना धक्क्यावर
पहिल्यापुढे नऊ लिहिलं, कंसात अकरा.
अजून ठरवलेलं नाही.
पेन बंद करायचं राहिलं,
पर्समध्ये शाई सांडली.