जनावरांच्या दवाखान्यात

आमचा जिल्हा कोरडा.
म्हणजे कागदावर.
नदीवरचा पूल ओलांडला की दुसरा जिल्हा,
पहिल्याच वळणावर टिनाचं शेड, हिरवा बल्ब,
उकडलेली अंडी.
एस्टीचं तिकीट वीस रुपये.
अकरा वर्षं मी तेच तिकीट काढलं.

मी मोटारी भरतो. विहिरीवरच्या, बोअरच्या.
तांब्याची तार, एका खाचेत बेचाळीस वेढे.
मोजणी चुकली की मोटार धूर सोडते
आणि माणूस ती गाडीवर टाकून परत आणतो,
आपल्याकडे न बघता.

डेअरीवाल्याची एकच मोटार
मी तीनदा जाळली.
तिसऱ्यांदा तो ओरडला नाही.
माझे हात बघत स्टुलावर बसून राहिला.
मग पावतीच्या पाठीवर लिहिलं:
मंगळवार. सात. पुलाच्या तिकडे.
"मीबी तिथंच बसतो," म्हणाला.
मला वाटलं,
बसतो म्हणजे बसतो.

पावती पेपर-कापडाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिली,
पौषापासून चैतापर्यंत.
त्या दिवशी कैचीसोबत हाती आली
आणि वार मंगळवारच होता.

स्टँडवरच्या पानठेल्याला विचारलं,
"इथं मंगळवारी कुठं बसतात?"
"रोजच बसतात न भाऊ. मंगळवार काय न गुरुवार काय."
"तसं नाही. जे बसत नाहीत... ते."
त्यानं चुना मळता मळता मला खालपासून वर पाहिलं.
"मंग जनावराच्या दवाखान्यात पाहा."

फाटकातून दिसलं:
अंगणात गाईबैलं अडकवायचा लोखंडी खोडा,
आणि त्याला टेकून एक माणूस बिडी ओढतोय.
मी वळलो.
पाय हिरव्या बल्बाकडे स्वतःच गेले,
त्यांना विचारावं लागत नाही.

पुढच्या मंगळवारी खोड्यापाशी कोणी नव्हतं,
म्हणून आत जाता आलं. एवढंच कारण.

भिंतीवर लाळ्या-खुरकुताचा तक्ता,
फिनाईलचा वास,
सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सातवी मोकळी.
डेअरीवाला होता. ओळख दाखवली नाही,
फक्त चहाचा कप माझ्याकडे सरकवला.
अर्धाच भरलेला.
का, ते कप उचलल्यावर कळलं.

प्रत्येक जण म्हणत होता,
माझं नाव अमुक, मी एक मद्यपी.
माझी पाळी आली.
मद्यपी हा शब्द माझ्या तोंडात कधी गेलाच नव्हता,
पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपासारखा.
"माझं नाव देवानंद," म्हणालो,
आणि पुढं तक्त्यावरची गाय बघत राहिलो.

कोपऱ्यातून बेबीताई बोलली.
मोहाची काढून विकायची ती, आणि उरलेली स्वतः प्यायची.
"जो शब्द गयातून निंगते तोच म्हण न बाबू.
मले तर पयल्या दिवशी नुसती उलटी झालती."
कोणी हसलं. आधी तीच.

"बेवडा," म्हणालो.
"बेवडा हाओ मी."
गावानं हाच शब्द मला हजारदा फेकून मारलेला.
इथं तो कोणी झेललाही नाही,
टेबलावर पडून राहिला,
चहाच्या डागाशेजारी.

मग मी मोटारीबद्दल बोललो. बायकोबद्दल नाही.
रत्नमालाबद्दल बोलायला
अजून वेळ आहे.

शेवटची गाडी साडेआठची.
कंडक्टर गायधने. पहिल्यांदा मी त्याचं नाव
त्याच्या बिल्ल्यावरून वाचलं.
अकरा वर्षं तो मला बखोट धरून उतरवत आलाय.
पुलावर खिडकीची काच नीट खडखडत होती,
खाली नदी, उन्हाळ्याची, बोटभर.
मी एक ते बेचाळीस मोजून पाहिलं.
एकोणतीसला अडलो. परत सुरू केलं.

फाटा आला. गायधने सवयीनं मागं आला,
न बघता दंडाला धरलं,
"उठ बे, आलं तुहं गाव."

"जागा हाओ."

तो तसाच उभा, हात माझ्या दंडावर,
आणि ड्रायव्हर हॉर्न देतोय.