नंतरसाठी

टालिनहून स्टॉकहोमला निघालेलं जहाज
शेवटचं बेट मागे पडलं की मुकं होतं.
रेंजची एक काडी जाते, मग दुसरी,
मग फोन म्हणजे नुसता काळा आरसा.
हे ठाऊक असल्यामुळे वाइके
दोर सुटायच्या आत, बटाटे सोलता सोलता,
ओल्या अंगठ्याने पानं बाजूला टाकत राहते
नंतरसाठी.

राईच्या पावाला बुरशी का धरते.
उत्तरेकडच्या बाल्कनीत टोमॅटो.
गुडघ्यात पाणी होणं.
बारा वर्षं एकट्याने विहीर खणणारा माणूस
(वाचायला चाळीस मिनिटं, असं वरच लिहिलेलं).
रात्रपाळीनंतरची झोप.
पुन्हा गुडघा.
आणि परवा, इकडेतिकडे बघून, एक :
कमी ऐकू येतंय हे नवऱ्याला कसं सांगावं.

मोटारींच्या मजल्याखाली तिची खोली, बिनखिडकीची.
पाळी संपली की ती विहीर उघडते.
दोन परिच्छेद, फार तर अडीच,
तो माणूस अजून फावडंच उसनं मागतोय
आणि हिचा डोळा लागतो.
सहा महिने झाले, त्याला फावडं मिळालेलं नाही.

यादी तीनशे चाळीसवर गेली होती.
(माझीही आहे. मी मोजत नाही.)

मग ती घटायला लागली.
तीनशे बारा. दोनशे नव्वद.
वाइकेला वाटलं, फोन म्हातारा झाला.
स्वागतकक्षातल्या रास्मुसने उलटसुलट करून पाहिला, म्हणाला,
फोन धडधाकट आहे, बाई.
कुणीतरी वाचतंय.

कोप्लीत, ट्रामची लाइन संपते तिथे, दुसऱ्या मजल्यावर,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर आहे.
लेंबित हवामान बघायला गेला आणि चुकून
बायकोच्या नंतरमध्ये शिरला.
एकतीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस,
वळणावरच्या चाकांच्या किंचाळण्याने डावा कान खाल्लेला,
थांबा गाळणं त्याच्या रक्तात नाही.
सगळ्यात जुन्या पानापासून त्याने सुरुवात केली.
बुरशी वाचली. टोमॅटो वाचले.
गुडघा दोनदा वाचला, चष्मा पुसून.
वाचून झालं की खूण करायची, उतारू उतरला,
दार बंद, पुढे.

पहाटे जहाज मारिएहाम्नला टेकतं,
तेवढ्या अर्ध्या तासात फोनला वाचा फुटते.
वाइके भांडी आवरत होती.
यादी हलली, एक ओळ नाहीशी झाली :
नवऱ्याला कसं सांगावं, ती.
समोर बरोबरची खूण.
तिच्या हातातली कढई तशीच राहिली.
आणि तिच्या जागी, तिने कधीच न ठेवलेलं एक पान :
कानाच्या दवाखान्याच्या वेळा.
फक्त मंगळवारी.
त्याखाली आणखी एक, तिसरा गुडघा,
हा मात्र चित्रांसकट, खुर्चीत बसून करायच्या व्यायामांचा.

रविवारी ती घरी आली.
वाइके या नावाचा अर्थ त्यांच्या भाषेत शांत असा आहे,
आणि गेली चार वर्षं या घरात तिला
बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं.
कॉफी टाकली तेही ओरडून,
बूट कुठे टाकलेस तेही.
पानाबद्दल दोघांनी ब्र काढला नाही.
त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली, भिंतीला टेकवून,
चित्रात होती तशी.
तिने पाय लांब केला. मोजले दहा.

मग तो एकदम खुलला, टेबलावर पुढे वाकला.
तो विहिरीवाला, म्हणाला, बारा वर्षांनी काय झालं माहितेय?

सांगू नकोस, वाइके म्हणाली,
पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हळू आवाजात,
कारण तिला हसू येत होतं.
मंगळवार अजून दोन दिवस लांब होता.

पाणी लागलं, लेंबित म्हणाला,
पण खारं.