सोपे रूप द्या

लिफ्टमध्ये स्टूल, स्टुलावर मी,
मांडीवर दोनशे पानी वही.
बॅलार्ड इस्टेटची जुनी इमारत, पाच मजले, खाली तळघर.
जाळीचं दार ओढलं की बोटाला काळं लागतं
आणि तेच काळं पानाच्या कडेला.

उदाहरणसंग्रह एकोणीस. सोपे रूप द्या.
३क्ष − ५क्ष. पोरं इथे अडतात म्हणे.
मला काय, तीन मजले वर नेलं, पाच मजले खाली आणलं,
वजा दोन.
तळघराच्याही खाली एक मजला,
तिथे लिफ्ट जात नाही, हिशेब जातो.

घंटा. चौथा मजला.
भेसानिया शेठ आत येतात, चष्म्यावरून बघतात,
‘काय गुरव, आज किती मजले शिकला?’
पहिल्या महिन्यात मी वही मिटायचो.
आता नाही मिटत.

संध्याकाळी भोईवाड्याची रात्रशाळा.
बाक दिवसा तिसरीच्या मुलांचे,
गुडघे मावत नाहीत, म्हणून मी आडवा बसतो, पाय बाहेर.
शेजारी नौशाद. मदनपुऱ्यात बॅगांना चेन लावतो,
सोळाचा आहे, मला काका म्हणतो
आणि माझं बघून लिहितो,
चुकांसकट.

माझी चूक ठरलेली.
५क्ष − (२क्ष − ३)
कंस उघडतो, पुढच्याचं चिन्ह बदलतो,
मागच्याला विसरतो.
३क्ष − ३ लिहून मोकळा.
खांडेपारकर बाईंनी सात वेळा लाल पेन टेकवलं.
आठव्यांदा म्हणाल्या,
‘गुरवकाका, लिफ्ट खाली निघाली की
दारातला माणूस तेवढाच खाली जातो का?’
म्हटलं, नाही, कोपऱ्यातलाही जातो.
‘मग त्या तीननं काय पाप केलं?’

३क्ष + ३.
त्यानंतरची सहा बरोबर आली.
सातवं पुन्हा चुकलं, पण ते घाईत.

मंगळवारी फळ्यावर ४क्ष + ७य.
आम्हा कामावरून आलेल्यांना उत्तर एकच लागतं.
पगार आला, भाडं गेलं, हातात किती, बोला.
नौशाद उठला, खडू घेतला,
मोठ्या अक्षरात लिहिलं
११क्षय.

वर्ग फुटला. बाईही हसल्या,
तोंडासमोर डस्टर धरून.
मीही हसलो असतो.

दादा शिवडीच्या हॉस्पिटलात अकरा महिने होता.
त्याच्या कार्डावर होता हा शब्द,
क्ष ला य चिकटलेला,
मी सातवीत, तिथंच पहिल्यांदा वाचला.
डबा आत देऊन खिडकीखाली उभा राहायचो,
तो वरून दोन्ही तळहात उघडायचा, पुस्तकासारखे.
मी मान हलवायचो, हो, करतो अभ्यास.
पुस्तक गणपतीतच सुटलं होतं, कपबशा विसळत होतो
डॉकयार्डच्या हॉटेलात.
होळीच्या सुमाराला डबाही सुटला.

बाईंना यातलं काही माहीत नाही.
त्यांनी उत्तर पुसलं, हात झटकला,
म्हणाल्या, ‘क्ष वेगळा, य वेगळा.
जमत नाही ते ओढून जमवायचं नाही.
मधलं अधिक तसंच राहू द्या. झालं उत्तर.’
‘एवढंच?’ नौशाद म्हणाला.
‘एवढंच.’
‘मग सोपं काय केलं?’
बाई जरा थांबल्या. ‘काहीच नाही. होतंच ते सोपं.’

वहीत मी चार क्ष लिहिले, जरा जागा सोडली,
मधलं अधिक पट्टीनं काढलं,
आडवी रेघ, मग उभी,
पुन्हा जागा सोडली,
मग सात य.

नौशाद माझं बघून लिहीत होता.
म्हटलं, घाई करू नको.
रेघ नीट मार.