नाकतोडा खंयचो

मोहरावर तिसरी फवारणी चालली होती
तेव्हा तो पडला. वाटलं, पानच पडलं.
मग पानानं एक डोळा माझ्याकडे वळवला
आणि दुसरा पंपाच्या नळीकडे.

घोयरा. याला लोक दगडांनी मारतात,
म्हणतात, फुंकलान तर आंधळो होतलंस.
मी मारला नाही, एवढंच.
भाकरी खाऊन झाली होती, डबा रिकामा होता,
त्यात घातला. उजवा मागचा पाय
चिमट्यासारखा मिटायला हवा, तो मिटत नव्हता.

अनुजानं त्याला दारच्या जास्वंदीवर बसवलं.
मी वाटीत पाणी ठेवलं तर हसली.
"ह्येका साचलेला पाणी दिसणा नाय, बाबा."
पानावर शिंपडलं तेव्हा एकेक थेंब
त्यानं तीर्थासारखा घेतला, डोळे मिटून.

राहिलं खाणं.
भात नको, सुकट नको. जे हलत नाही
ते त्याच्या लेखी जगातच नाही.
मी म्हटलं, त्यात काय, कलमांत किडे कमी आहेत?
दुपारच्या सुट्टीत तीन धरून आणले, रुमालात.
तिनं विचारलं, "नाकतोडे खंयचे?"
तिची आई दारावर बांगडा घेताना
टोपलीवर वाकून विचारते ना, तस्सं.
सावंताच्या बागेतले, मी म्हटलं.
"थंय काल तू मारलंस मां?"

औषध मारलंस, असं म्हणायचं होतं तिला.
शब्द अर्धाच आला.

गुरांच्या दवाखान्यातल्या बाईंनी पाय बघितला.
वीस दिवस ठेवा, म्हणाल्या, मग सोडा,
हे पाळायचं जनावर नव्हे, कायदा आहे.
आणि त्याच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढी जागा
तेवढाच किडा द्या, मोठा नको.
काजवा नको. केसाळ सुरवंट नको.
फवारणीतलं तर काहीच नको.

काहीच नको म्हणजे कुठलं हो, बाई?
बागेला लागून बाग, कुंपणाला लागून काजू,
आणि वारा काय गडगे बघून वाहतो?
शाळेमागचं गवत झेंडावंदनासाठी जाळलेलं,
घरातली झुरळं खडूच्या रेघेवर उताणी.
वीस वर्षं या गावात मी फवारतोय,
किती फवारलंय ते तेव्हा मोजलं,
एका सरड्याच्या जेवणापायी.

शेवटी कबरस्तान.
मेलेल्यांवर औषध मारायला कोण पैसे देतंय!
गवत मांडीइतकं, आणि पाऊल टाकलं की
टणाटण उडणारे. परवानगी मागितली
तर दाऊदभाई सोलकर म्हणाले,
"ने की. अब्बांच्या उशाकडे मोठे असतात.
तुला लहान हवेत? मग पलीकडे, पोरांच्यात."
पलीकडे मी गेलो नाही.

रोज कामावरून येऊन दोनदा साबण.
कपड्यांचा वास जात नाही म्हणून
मेव्हण्याच्या लग्नातला शर्ट.
तो घालून, तिन्हीसांजेला, कबरींमध्ये ओणवा
मी नाकतोडे धरायचो. बापयांनी नावं ठेवली.
ठेवोत. पाच मिळाले की घरी यायचो
घामाघूम, जणू रापण ओढून आलोय.

जीभ कधी सुटली, कधी परत गेली,
वीस दिवसांत एकदाही दिसलं नाही.
फांदीवर नाकतोडा असायचा.
मग नसायचा.

एकविसाव्या दिवशी तिथंच सोडला,
करंजाच्या झाडावर. चालला तो,
पुढे की मागे ठरवत, ठरवत.
अनुजा थांबली नाही बघायला.

परवा चौथी फवारणी झाली.
परतताना पाय आपोआप तिकडे वळले,
वाकलो, मूठ मिटली, सवयीनं.
दाऊदभाई फाटकातून म्हणाले, "आता कोणासाठी?"
मूठ उघडली.

आंघोळ व्हायची होती माझी.
तळहातावर तो बसून राहिला,
नुसता बसून राहिला.
मी हात हलवून बघितला.