एकशे बारा पावलं

जून लागला की ड्वेन हॉस्टेटलर दगडाभोवतीचं गवत कापतो.
कॅन्सस, काउंटीचं काम, पगार तासावर.
ग्रॅनाइटवर कोरलंय : इथून गाडीरस्ता जात होता.
सालाचा शेवटचा आकडा
कुणाच्यातरी छऱ्याने उडालाय.

इथून नव्हताच जात.
डांबरी सडक रुंद केली तेव्हा दगड उचलून
कुंपणाशी टेकवला. मग कुंपणही सरकलं.
त्याची आत्या, वर्बिना, मजुरांना लिंबूपाणी द्यायला गेली होती,
तिने पावलं मोजून ठेवली :
एकशे बारा.

भर दुपारी तिथे काही दिसत नाही.
ऊन कललं की शेजारच्या माळावर
दोन ओळी उमटतात.
गवत तेवढ्यापुरतं गडद;
चाकांनी दाबलेल्या मातीत
पाणी अजून थांबतं.

एकदा त्याने वर कळवलं.
उत्तर आलं : दगड सुस्थितीत ठेवावा.

ठेवतो.
यंत्र बंद करून, कडेकडेचं विळ्याने.
आणि ऑगस्टमध्ये शेजाऱ्याकडे
पीचची एक पेटी पोचवतो,
त्या ओळींवर नांगर फिरू नये म्हणून.
बोलत मात्र नाही तसं.
शेजाऱ्याला वाटतं,
ट्रकखाली गेलेल्या कुत्र्याबद्दल असेल.