लाल आधी जातो

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या वळणावर
एक भिंत अजून माझ्या हातची आहे.
'तीन चिमणी टॉवेल. एकदा घ्या, दहा वर्षं पुसा.'
खाली फोन नंबर, पाच आकडी.
आता तो लावला तर कुणाच्या घरी वाजेल, देव जाणे.

एसटी त्या वळणावर चाळीसनं जाते.
तेवढ्यात माणूस तीन शब्द वाचतो,
चौथा खिडकीतच राहतो.
हे मला कुणी शिकवलं नाही.
मी स्वतः तिकीट काढून बसलो होतो
माझीच भिंत वाचायला,
आणि 'दहा वर्षं'पर्यंत पोचलोच नाही.
दुसऱ्या दिवशी शिडी लावली,
'च'चं पोट फुगवलं, 'ट'ची मान ताठ केली.

गुंडेटी शेठ वर्षाला चाळीस भिंती द्यायचे.
फुटाला साडेतीन रुपये, चुना त्यांचा, रंग माझा.
हिशेबाला बसले की एकच प्रश्न,
"गुरुशांत, बघितलं किती जणांनी?"
मी म्हणायचो, "शेठ, भिंत मोजत नाही."
ते हसायचे नाहीत.
पैसे द्यायचे, दोनशे कापून.

आता शेठची सून, वरलक्ष्मी,
मागाच्या कडेला उभी राहते.
एका हातात फोन,
दुसऱ्यानं केसांतला कापूस झटकत.
बावीस सेकंद.
वर गाणं नको म्हणते, मागाची खटखटच राहू दे.
चार माग होते,
त्यातले दोन भंगारवाला बघून गेला होता.
आता बारा आहेत, रात्रपाळी आहे.
मंगळवारी एकट्या सिलिगुडीला एकशे दहा डझन गेले.
सिलिगुडी नावाचं गाव आहे हे शेठना
पार्सलवर पत्ता लिहिताना कळलं.

मला राग होता. खोटं कशाला बोलू?
चाळीसच्या अकरा झाल्या, अकराच्या दोन,
मग नुसता दिवाळीचा मिठाईचा पुडा.

परवा तिनंच बोलावलं.
गोडाऊनची भिंत दाखवली.
"मामा, एकच शब्द लिहा. हळू लिहा.
मला तुमचा हात घ्यायचाय."
"अक्षर किती मोठं?"
"तीन सेकंदांत अंगठा पुढं सरकतो, मामा.
तेवढ्यात माणूस थांबला पाहिजे."

मी ब्रश खाली ठेवला.
तीन सेकंद.
म्हणजे या पोरीनं पण तिकीट काढलंय तर.

दोरी मारली, निळी रेघ उठली.
श्वास धरून 'टॉवेल' लिहिलं,
'ल'ची शेपटी खाली सोडताना
मागं कुणी खोकलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा आला, एक लाख सात हजार.
टॉवेलचं कुणी विचारत नव्हतं.
हा हात थरथरत कसा नाही, असं विचारत होते.
कोल्लमच्या एका बाईला तिच्या पोराचं नाव हवं होतं,
माझ्या अक्षरात,
तिला वाचता न येणाऱ्या लिपीत.
शेठनी चष्मा पुसला, आकडा वाचला,
परत पुसला, परत वाचला.
"गुरुशांत," म्हणाले, "किती जणांनी ते कळलं बघ शेवटी."
दोनशे कापायचे विसरले.

घरी जाताना सायकल वळणावर उभी केली.
भिंतीतल्या चिमण्या आता ओळखू येत नाहीत.
आमच्या उन्हात लाल आधी जातो.
निळा चार उन्हाळे काढतो,
काळा पेंटरला पुरून उरतो.
त्या पाच आकड्यांना काहीही झालेलं नाही.

फोनवरचे बदाम सगळे लालच होते.
हे मी तिला बोललो नाही.

कन्ना चौकात दुकान उघडं होतं, लाल रंगाचा डबा घेतला.
पोराचं नाव सहा अक्षरी आहे.
तीन सेकंदांत ते कसं बसवायचं
याचा विचार करत पायडल मारलं.