ओ

दुसऱ्या वर्षीही ढग नुसते बघून गेले.
उंटाचं रक्त आणि लोकर एकत्र कुटून
आई निखाऱ्यावर भाजायची,
आम्ही ते खायचो, नावं न ठेवता.
तांड्यातले निम्मे तंबू दक्षिणेकडे गेले होते.
उरलेल्यांची चूल अंधाराआधीच विझायची.
जाळ दिसला की पाहुणा येतो.

बापानं, जुल्हुमानं,
सुखामचं तोंड खजुरीच्या काथ्यानं बांधलं.
म्हणाला, कुत्रं भुंकलं की पाहुणा येतो,
आणि पाहुणा म्हणजे तीन दिवसांची भूक,
आपल्यापेक्षा थोरली.
आजोबाच्या नावानं शपथ घेऊन बोलला हे
आणि लगेच मान फिरवली.
त्याच आजोबानं पाहुण्यासाठी गाभण उंटीण कापलेली,
ती गोष्ट बापच सांगायचा दर हिवाळ्यात.

त्या रात्री वारा सुईसारखा.
टेकाडापलीकडून भुंकणं आलं.
कुत्र्याचं नव्हतं.
वाट चुकलेला माणूस असाच भुंकतो आमच्याकडे,
गुडघ्यांवर ओणवा होऊन,
कुठल्यातरी वस्तीतलं कुत्रं ओ देईल
आणि त्या आवाजाचं बोट धरून
आपण माणसांत पोचू म्हणून.

सुखामनं कान टवकारले.
त्याच्या घशातून काहीतरी निघालं, काथ्यापाशी अडलं.
बाप झोपेत होता.
खरा झोपलेला माणूस इतका नीट श्वास घेत नाही.

पुन्हा भुंकणं. जरा डावीकडे. जरा दूर.
डावीकडे वाळू आहे
आणि वाळूपुढे वाळू.

आई उठली.
धाकट्याला माझ्या मांडीवर ठेवलं,
कनात सारली,
दोन्ही हात तोंडाशी धरले
आणि भुंकली.

आधी फुटकंच आलं, खोकल्यासारखं.
मग तिला तो आवाज सापडला.
मामा लढाईत पडला तेव्हा
जिचा विलाप ऐकायला
शेजारच्या कुळातल्या बाया अर्ध्या दिवसाची वाट तुडवत आल्या,
ती रैता, माझी आई,
त्याच गळ्यानं भुंकत राहिली,
थांबून, कान देऊन, पुन्हा,
पावलं ऐकू येईपर्यंत.

दाढीत वाळू घेऊन तो आला. नाव सांगितलं, हुबैश.
कूळ त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
बाप उठला होता.
या, म्हणाला, घर तुमचंच,
आणि शेवटच्या उंटिणीकडे बघत
सुरीला धार लावत बसला. फार वेळ लावली.

जेवताना पाहुणा म्हणाला,
गुणी आहे तुमचं कुत्रं,
माझी चाल ओळखून ओ देत होतं. कुठंय ते?

सुखाम कोपऱ्यात होता, मुसकं तसंच.
बाप गेला, पाठ आमच्याकडे करून बसला,
गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडली.
पहिलं हाड त्यालाच दिलं.

आईचा आवाज बसला तो बसलाच.
तीन दिवस ती खुणांनी बोलली.
जाताना हुबैशनं बापाला सांगितलं,
नशीबवान आहेस,
बायको अबोल मिळाली.